ग्रॅनोलात कांदा कोण घालतं?



‘जैन ग्रॅनोला. कांदा नाही, लसूण नाही, साखर नाही.’ असं लिहिलेली पाकिटं आता आपल्या मालाडमध्ये जागोजागी दिसतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन दिवसांनी एक फोटो येतो. दशलक्षणाच्या आधी घरगुती पदार्थांचे स्टॉल लागतात तिथे चिवड्याच्या शेजारी ती मांडलेली असतात. यातल्या ‘कांदा नाही, लसूण नाही’चं मला हसू येतं आणि बाकीच्या दोन गोष्टींचा राग येतो. ग्रॅनोलात कांदा घालतं कोण? दुधाच्या पिशवीवर ‘यात बटाटा नाही’ असं छापण्यासारखं आहे ते.

राग येतो तो पाकीट उलटं केल्यावर. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ओट्स, मध, खजूर, बदाम, बेदाणे, अंजीर. म्हणजे पुढे ‘जैन’ आणि मागे मध. पुढे ‘साखर नाही’ आणि मागे चार प्रकारांनी साखर. आणि हे पाकीट करणारी बाई बहुतेक वेळा आपलीच असते, रोज मंदिरात भेटणारी. परक्या कंपनीने केलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं.

आधी मधाचं बोलू. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाचे आठ मूलगुण सांगितले, त्यात मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग एका ओळीत आहे. कांद्या-लसणाचा क्रम त्यानंतर येतो. पाठशाळेतल्या लहान मुलीलाही हे तीन मकार पाठ असतात. आणि आपण त्यातला एक मकार डब्यात भरून त्यावर आपल्या धर्माचं नाव चिकटवतो, कारण आपल्या डोक्यात ‘जैन’ या शब्दाचा अर्थ उडप्याच्या हॉटेलात ठरला: जैन पावभाजी, जैन सँडविच, जैन चायनीज. वेटरला जे सांगायचं, तेवढाच धर्म.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. ‘ताई, आता कुठे मधमाश्या मारतात? पेट्यांमध्ये पाळतात, यंत्राने मध काढतात, पोळं परत ठेवतात.’ हे खरं आहे. आपल्याच महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर केलं, तिथे असंच काम चालतं. पूर्वी धूर करून, पोळं पिळून मध काढत, त्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि त्या गावातल्या लोकांशी माझं काही भांडण नाही. पण ‘कुणाला न मारता मिळालेला मध’ हा प्रश्न आपल्या आचार्यांपुढेही आला होता. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात स्वच्छ सांगून ठेवलंय की पोळ्यातून आपोआप गळलेला मध घेतला तरी त्यात हिंसा आहे, कारण त्याच्या आश्रयाने राहणारे जीव मरतात. पेटीच्या वादाचं उत्तर हजार वर्षांपूर्वी दिलेलं आहे. ते कुणाला पटत नसेल तर तिने मध खावा, तिचा प्रश्न आहे. मात्र त्या पाकिटावर ‘जैन’ लिहू नये.

अंजिराचंही तेच. पाच उदुंबर फळं वर्ज्य, त्यांची नावं आपण घोकली: वड, पिंपळ, उंबर, पाकर, कठूंबर. अंजीर त्याच कुळातलं. ओलं असताना आपण त्याला हात लावत नाही आणि सुकवून, दोरीत ओवून, मेव्याच्या दुकानात आलं की ते ‘ड्रायफ्रूट’ होतं!

आता हिरव्या ठिपक्याबद्दल. खूप जणींचा भरवसा त्यावर असतो: हिरवा ठिपका आहे ना, मग झालं. भारताच्या खाद्य प्राधिकरणाचे लेबलचे २०२० चे नियम आहेत. त्यांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना दूध, मध, मेण आणि लाख या गोष्टी वगळल्या आहेत. म्हणजे मध घातलेल्या, लाखेची चकाकी दिलेल्या चॉकलेटच्या गोळ्या टाकलेल्या ग्रॅनोलावर हिरवा ठिपका कायद्याने अगदी बरोबर आहे. सरकारने कुणाला फसवलेलं नाही, ठिपका श्रावकाचार बघून ठरवलेलाच नव्हता. गंमत अशी की ज्यांना आपण ‘फॅड’ म्हणून हसतो त्या वेगन लोकांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम आले, आणि त्यांत मध चालत नाही. बाजारातलं पाकीट घ्यायचीच वेळ आली तर मधापुरतं ते वेगन चिन्ह आपल्याला ‘जैन’ या शब्दापेक्षा जास्त सांभाळतं. ही आपल्यासाठी लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

हे सगळं शब्दांचं भांडण वाटेल, म्हणून एक सांगते. आमच्या इमारतीत एक काकू आहेत, सत्तरीच्या पुढच्या, डायबिटीसच्या. लग्नाआधी गावी चातुर्मासात महाराजांकडून त्यांनी अष्टमूलगुणांचा नियम घेतलेला. पन्नास वर्षं मधाचं बोट चाटलं नाही, खोकल्याच्या औषधाचीसुद्धा बाटली वाचून घ्यायच्या. ओळखीतल्या बाईकडून त्यांनी ‘जैन, साखर नाही’ वालं पाकीट घेतलं आणि महिनाभर रोज सकाळी दुधात घालून खाल्लं. आपल्याच माणसाचं, म्हणून मागची अक्षरं वाचली नाहीत. तशीही ती चष्म्याने दिसत नव्हती. एक दिवस मी सहज वाचून दाखवली. काकू काही बोलल्या नाहीत. डबा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी उपवास धरला. विकणारीला एक शब्द बोलू दिला नाही मला. त्यांचा नियम मोडला तो त्यांच्या हयगयीने मोडला का? त्या महिन्यात साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली, ते वेगळंच.

आता साखरेकडे येते, कारण इथे धर्म बाजूला ठेवला तरी हिशेब चुकतो. मधात शंभर ग्रॅमला ऐंशी ग्रॅमच्या आसपास साखर असते. खजुरात साठच्या वर. बेदाण्यात साधारण साठ. गूळ तर साखरेचाच भाऊ, रंगाने सावळा. ग्रुपवर फिरणारी रेसिपी घ्या: दोन कप ओट्स, मूठ-दोन मुठी बदाम-अक्रोड, अर्धा कप मध, अर्धा कप बेदाणे, तेल. अर्धा कप मध म्हणजे सुमारे १७० ग्रॅम, त्यात साखर १३५ ग्रॅमवर. बेदाण्यांची ४५ धरा. सगळा माल होतो जेमतेम ६०० ग्रॅम. म्हणजे तीस टक्के साखर. चाळीस ग्रॅमची छोटी वाटी खाल्ली तर बारा ग्रॅम, तीन चमचे. चहात तीन चमचे साखर घालणाऱ्याला आपण काय म्हणतो? आणि चाळीस ग्रॅमवर थांबतं कोण?

मधाऐवजी खजुराची पेस्ट घातली तर आकडा थोडा उतरतो, वीस-बावीस टक्क्यांवर येतो. बिस्किटाच्या पंगतीतच बसतो तो. खजूर वाईट नाही. दोन खजूर तोंडात टाकले, चावले, पाणी प्यायलं, छान. पण पाव किलो खजूर वाटून ओट्सना चोपडायचा आणि वर ‘नैसर्गिक गोडवा’ म्हणायचं, म्हणजे साखरेला टोपणनाव देणं झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की अशी मोकळी साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाचच्या आत आली तर आणखी बरं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला पाच टक्के म्हणजे सहा चमचे, दिवसभराचे. त्या मोकळ्या साखरेत मध आणि पाक नाव घेऊन मोजलेले आहेत. आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत असं आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ मध्ये सांगितलं. ते कोण, हे शोधायला लांब जायला नको. पूजेनंतर मंदिराच्या पायरीवर बसलेल्या बायकांना विचारा, प्रत्येक घरात एक गोळी आहे.

कायदासुद्धा इथे विकणारीच्या बाजूने नाही. जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे नियम म्हणतात की ‘कमी साखर’ लिहायचं तर शंभर ग्रॅम घन पदार्थात पाच ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. आणि ‘साखर घातलेली नाही’ हे लिहायला मध चालत नाही, साखरेच्या जागी सुक्या फळांची पेस्टही चालत नाही. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी पाकिटाची जात कळते.

‘पण ताई, तिचं घर त्यावर चालतं.’ हो, चालतं, आणि चाललंच पाहिजे. नवऱ्याची नोकरी गेल्यावर खाखरे, मसाले, चिवडा विकून मुलांची फी भरणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत, त्यांच्याकडूनच मी माल घेते. म्हणूनच म्हणते, लेबल खरं लिहा. ‘खजुराचा गोड ग्रॅनोला’ असं लिहिलं तर मी सणाला दोन पाकिटं जास्त घेईन. आमच्या काकू घेणार नाहीत, एवढंच नुकसान. अचौर्य आणि सत्य ही अणुव्रतं तराजू धरणाऱ्यालाही लागू आहेत, त्यात घरगुती उद्योगाला सूट कुठे लिहिलेली नाही.

दुसऱ्या टोकाला ज्या म्हणतात की हे ग्रॅनोला-बिनोला परकं खूळ, आपला चिवडा काय वाईट, त्यांच्याशीही माझं पटत नाही. ग्रॅनोलाचा जन्म बघितला तर तो आपल्या जवळचा निघेल. अमेरिकेत डान्सविल नावाच्या गावी जेम्स जॅक्सन नावाच्या डॉक्टरने १८६३ च्या सुमारास आपल्या आरोग्यधामात ‘ग्रॅन्युला’ केला: गव्हाच्या जाड्या पिठाचे भाजून फोडलेले कडक तुकडे, रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावत नसत. पुढे बॅटल क्रीकच्या केलॉगने तसंच काही करून त्याला ‘ग्रॅनोला’ नाव दिलं. तो ज्या पंथात वाढला होता तिथे मांसाहार वर्ज्य मानायचे, आणि जेवणातला संयम ही धर्माची बाब होती. त्या पहिल्या पदार्थात गोडाचा थेंब नव्हता. मधाचे ओघळ आले ते १९६० नंतरच्या दशकात, पाकिटं आली ती त्यानंतर. आपण उचलला तो शेवटचा अवतार.

आणि गोड कमी करणं हे आपल्याला शिकवायला बाहेरून कुणी यावं लागतं का? सहा बाह्य तपांत रसपरित्याग आहे. वारावारी एकेक रस सोडणाऱ्या कितीतरी जणी हे वाचताय. ज्या दिवशी गोडाचा त्याग असतो त्या दिवशी साखर सोडून खजुराची खीर खाल्ली तर आजी काय म्हणायची? ‘बाई गं, तू गोड सोडलंस की साखर?’ सगळा ‘हेल्दी’ बाजार याच एका फटीतून आत शिरलाय: साखर सोडायची, गोड सोडायचं नाही.

आता करायचं कसं ते. पहिल्यांदा एक समजून घ्या, म्हणजे निराशा होणार नाही. बाजारच्या ग्रॅनोलात जे कुरकुरीत गठ्ठे असतात ते साखरेचे असतात. पाक तापतो, गार होताना काचेसारखा घट्ट होतो आणि दाण्यांना बांधतो, चिक्कीत होतं तेच. जितके गठ्ठे मोठे तितकी साखर जास्त. साखर कमी केली की ग्रॅनोला सुटा होणारच. त्याला चिवड्याचा भाऊ समजा आणि गठ्ठ्यांचा हट्ट सोडा.

माझं प्रमाण अर्ध्या किलोचं आहे. जाड ओट्स २०० ग्रॅम, झटपट शिजणारे नकोत, त्यांचा भुगा होतो. ज्वारीच्या लाह्या ५० ग्रॅम, फुलून मोठा वाडगा भरतात. बदामाचे काप ६० ग्रॅम, शेंगदाणे ५०, भोपळ्याच्या बिया ३०, तीळ २५, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप ३०, तूप ४०, आणि गूळ २०. हो, वीसच. दोन सपाट पोह्याचे चमचे. वेलची, दालचिनी सढळ हाताने घाला, कारण जीभ वासालाही थोडी फसते आणि दालचिनी-खोबऱ्याने पदार्थ आहे त्यापेक्षा गोड लागतो. चिमूटभर मीठ विसरू नका. (शेंगदाणा जमिनीखाली येतो म्हणून दरवेळी कुणीतरी विचारतं. तो कंद नाही, शेंग आहे.)

ओव्हन लागत नाही. जाड बुडाच्या कढईत बदाम, शेंगदाणे, बिया कोरड्या भाजून काढा, मग खोबरं, मग तीळ, प्रत्येक वेगळं, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. अर्ध्या तुपात ओट्स मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता, रंग बदलून खमंग वास येईपर्यंत. इथे घाई केली तर ओट्स कच्चट राहतात आणि मग वाटतं की गोड कमी पडलं. चव गोडाने नाही, भाजण्याने येते. उरलेल्या तुपात किसलेला गूळ मंद आचेवर विरघळवा, गूळपापडीला करतो तसा, आणि फेस आला की लगेच गॅस बंद. अर्धा मिनिट उशीर झाला तर कडू होतो. मसाले घाला, सगळं त्यात ओता, लाह्या शेवटी, आणि पुन्हा तीन-चार मिनिटं हलवत गरम करा. पूर्ण गार झाल्यावर स्टीलच्या घट्ट डब्यात भरा.

पाण्याचा थेंब नाही हे लक्षात आलं असेल. पाण्याचा पाक केला तर मर्यादा लगेच कमी होते. पाणी नसेल तर मी पिठाचीच मर्यादा धरते: थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. म्हणून प्रमाण अर्धा किलोच ठेवलंय, चार माणसांच्या घरात तेवढं तीन दिवसांत सहज संपतं. जुलैत मालाडला खाडीकडच्या घरांत तर डबा दोनदा उघडला तरी लाह्या मऊ पडतात, तीन दिवसांचा नियम कुणी का केला असेल ते तिथेच कळतं. सहा महिने टिकणारं पाकीट घेताना हाही प्रश्न विचारावा. ज्या घरात शोधाचं जेवण आहे तिथे बंद पाकिटातले ओट्स चालणार नाहीत. त्यांनी ओट्स वगळून घरी फोडलेल्या ज्वारीच्या आणि राजगिऱ्याच्या लाह्यांवर हेच करावं. खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं.

आता याचा हिशेब, दुसऱ्यांचा काढला तसा. वीस ग्रॅम गुळातून सतराच्या आसपास साखर, दाण्या-खोबऱ्याची आणि ओट्सची स्वतःची मिळून सात-आठ. पाचशे ग्रॅममध्ये पंचवीस, म्हणजे शंभराला पाच, कायद्याच्या अगदी काठावर. चाळीस ग्रॅमच्या वाटीत वरून घातलेला गूळ दोन ग्रॅमही भरत नाही. मात्र कॅलरी सुमारे २०० आहेत, तूप आणि दाण्यांच्या. साखर कमी म्हणून तीन वाट्या खायच्या नाहीत.

खाताना वर ताजं फळ कापून घ्या, चिकू किंवा पेअर. दूध घ्या. दही घेणाऱ्यांसाठी एकच सूचना: ‘प्रोटीन’ वाढवायला हल्ली फुटाण्याचं डाळं नाहीतर सोयाबीन टाकायची टूम आहे, आणि तोच ग्रॅनोला दह्यात कालवायचा. ते द्विदल होतं. डाळं घातलेला असेल तर तो कोरडाच, मुलांच्या डब्यात द्या.